जैवनीतीची प्रश्नावली आणि केनवडची परिचारिका

वैद्यकीय व्यवसायात वावरणाऱ्या माणसांना नीती कितपत कळते हा प्रश्न जुना आहे. ती मोजून काढता येईल ही कल्पना मात्र अलीकडची. गेल्या दोन-अडीच दशकांत डॉक्टर, परिचारिका आणि अन्य आरोग्यसेवक यांच्या हाती छापील प्रश्नावली देऊन त्यांचे जैवनीतिविषयक ज्ञान व त्यांच्या नैतिक वृत्ती आजमावण्याचे प्रयत्न देशोदेशी झाले आहेत, आणि भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांतूनही या धर्तीचे अभ्यास प्रसिद्ध होत असतात. २००६ साली बार्बाडोसमधील डॉक्टर व परिचारिका यांच्याविषयी प्रसिद्ध झालेला अभ्यास हा या परंपरेतील बराच अनुसरला गेलेला नमुना होय. डॉक्टरांपैकी ११ टक्क्यांना हिपॉक्रेटिसच्या शपथेचा आणि परिचारिकांपैकी एकचतुर्थांशांना परिचारिकांच्या आचारसंहितेचा आशय ठाऊक नाही, आणि न्यूरेंबर्ग संहिता व हेलसिंकी घोषणा यांची माहिती तर दोन्ही गटांत अगदी थोड्यांनाच आहे, असे त्यात आढळून आले. अशा अभ्यासांचा शेवट बहुधा एकच असतो : प्रशिक्षण वाढवावे. हा निष्कर्ष खोटा आहे असे नव्हे. परंतु प्रश्न कोणालाही विचारले आणि उत्तरे कशीही आली तरी तोच निष्कर्ष निघत असेल, तर तो उत्तरांतून निघतो की प्रश्नांतून, याची चौकशी करणे अगत्याचे ठरते.

ही चौकशी आजवर बहुतांशी संख्याशास्त्राच्या अंगाने झाली आहे. नमुना पुरेसा होता काय, गुणांकन स्थिर होते काय, हे प्रश्न विचारले गेले. तथापि प्रश्नावली ही प्रथम भाषेची कृती आहे. तिला कर्ता असतो, तिच्यात बोलणारा एक आवाज असतो, आणि ती ज्याच्याशी बोलते असा एक श्रोता तिने मनोमन गृहीत धरलेला असतो. म्हणून नाटकाची वा निबंधाची चिकित्सा ज्या दृष्टीने होते त्याच दृष्टीने तिचीही करता येते. किंबहुना जिच्या आधारे एखाद्या वर्गाला नीतीविषयी अज्ञानी ठरवले जाते तिची तशी चिकित्सा होणे अधिकच आवश्यक आहे.

चिकित्सेसाठी स्थळ म्हणून येथे केनवड घेतले आहे. केनवड हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील गाव. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, आणि २०१८ साली केंद्र शासनाने मागासलेल्या जिल्ह्यांसाठी जी 'आकांक्षित जिल्हे' ही योजना आखली तीत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांची निवड झाली त्यांत त्याचा समावेश होता. केनवडला वैद्यकीय नीतीच्या इतिहासात नोंदवावे असे काही घडले म्हणून ते निवडलेले नाही. प्रश्नावलीने गृहीत धरलेला श्रोता तेथे राहत नाही, एवढ्यासाठीच ते निवडले आहे. तो श्रोता मोठ्या शिक्षण-रुग्णालयात काम करतो; त्याच्याजवळ ग्रंथालय असते, सल्ल्याला सहकारी असतात, आणि अडचणीचा प्रसंग आला तर तो ज्या समितीपुढे मांडायचा ती समितीही असते. केनवडसारख्या गावची सेवा ज्या व्यवस्थेतून चालते ती निराळी आहे. सपाट प्रदेशात साधारण ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र, असा शासकीय दंडक आहे. केंद्रात वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक. आणि गावोगाव, २००५ पासून, आशा. या माणसांना रुग्ण अनोळखी नसतो. तो त्यांच्या गावचा, पुष्कळदा भावकीतला असतो.

बार्बाडोसच्या प्रश्नावलीत एक प्रश्न असा होता की, तुमच्या रुग्णालयात नीतिसमिती आहे हे तुम्हांस ठाऊक आहे काय. तेथे ती होती, आणि २९ टक्के डॉक्टरांना व ३७ टक्के परिचारिकांना तिचा पत्ता नव्हता. हाच प्रश्न उचलून विदर्भातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेला तर काय होईल? तेथे नीतिसमिती नसते. रुग्ण कल्याण समिती असते, आणि ती मुख्यतः निधीचा विनियोग पाहते. परिचारिकेने प्रामाणिकपणे 'नाही' म्हटले तर ती व्यवस्थेविषयी सत्य सांगते. रुग्ण कल्याण समिती मनात धरून 'होय' म्हटले तर ती चुकते. गुण मात्र दुसऱ्या उत्तराला मिळण्याचा संभव अधिक.

आता शब्दांकडे वळावे. १९७९ साली ब्यूचँप आणि चिल्ड्रेस यांनी आपल्या ग्रंथात मांडलेली चार तत्त्वे आज जैवनीतीच्या प्रत्येक अभ्यासक्रमाचा पाया झाली आहेत. मराठीत ती स्वायत्तता, हितकारिता, अनपकार आणि न्याय अशी उतरतात. 'न्याय' हा शब्द सर्वांच्या ओळखीचा, 'हित' हाही. परंतु 'स्वायत्तता' या शब्दाचे काय? मराठी माणसाने हा शब्द ऐकलेला असतो तो संस्थांच्या संदर्भात. महाविद्यालय स्वायत्त होते, मंडळ स्वायत्त असते. पोट दुखते म्हणून दवाखान्यात आलेली बाई स्वायत्त आहे, असे मराठीत कोणी म्हणत नाही. 'रुग्णाच्या स्वायत्ततेचा आदर केला पाहिजे' या विधानापुढे बसलेल्या आरोग्यसेविकेला त्याचा अर्थ लागला नाही, तर तिला ते तत्त्व कळत नाही असे ठरवणे घाईचे होईल. तिला कळत नाही तो शब्द. तिच्याच उपकेंद्रात सासू सुनेच्या वतीने बोलू लागली तेव्हा तिने सासूला बाहेर बसवून सुनेला 'तुझं काय म्हणणं आहे?' असे विचारले असेल, तर ज्याला ग्रंथात स्वायत्ततेचा आदर म्हणतात ते तिने केलेले असते. प्रश्नावलीत त्याची नोंद होण्यास जागा नाही.

भाषांतराच्या शुद्धतेसाठी या क्षेत्रात एक रीत रूढ आहे. इंग्रजी प्रश्नावली मराठीत करावी, दुसऱ्याकडून ती पुन्हा इंग्रजीत करवून घ्यावी, आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहावेत. ही रीत निरुपयोगी नाही. उघड चुका तिने पकडल्या जातात. परंतु 'ऑटॉनॉमी'चे 'स्वायत्तता' आणि 'स्वायत्तते'चे पुन्हा 'ऑटॉनॉमी' होणारच, कारण दोन्ही भाषांतरकार एकाच कोशातून पाणी भरतात. मधल्या टप्प्यावर उभा असलेला वाचक काय समजला, हे त्या ताळ्यातून कधीच बाहेर येत नाही. 'जैवनीती' या शब्दाचेही असेच आहे. जर्मनीत फ्रिट्झ यार याने १९२७ साली आणि अमेरिकेत पॉटर याने १९७०च्या सुमारास जी संज्ञा वापरली तिचा हा मराठी पर्याय. परंतु तो ऐकताच अनेकांच्या मनात प्राणिशास्त्र किंवा शासनाचे एखादे धोरण उभे राहते. वामन मल्हार जोशी यांच्यापासून मराठीत नीतिशास्त्राची एक स्वच्छ परिभाषा घडत आली आहे, आणि विदर्भात दि. य. देशपांडे यांनी तत्त्वज्ञान साध्या मराठीत लिहून दाखवले आहे. त्या परंपरेकडे वैद्यकीय प्रश्नावल्या रचणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

येथे एक सोपा उपाय सुचवला जाण्याचा संभव आहे : हिपॉक्रेटिसच्या जागी चरक घालावा. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात शिष्याला द्यावयाचा जो उपदेश आहे तो खरोखरच मोलाचा आहे. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, घरात गेल्यावर मन रुग्णाखेरीज अन्यत्र लावू नये, आणि मरण जवळ आल्याचे कळले तरी ज्या ठिकाणी ते बोलल्याने रुग्णाला वा इतरांना आघात होईल तेथे ते बोलू नये, अशी त्यातील शिकवण आहे. परंतु त्याच उपदेशात राजाने ज्यांचा द्वेष केला त्यांना, आणि पती वा पालक जवळ नसलेल्या स्त्रियांना, औषध देऊ नये असेही सांगितले आहे. केनवडच्या परिचारिकेने हा नियम पाळायचा म्हटले तर तिला निम्मे काम बंद ठेवावे लागेल. परकी शपथ काढून तेथे स्वदेशी शपथ बसवल्याने पाठांतराची परीक्षा पाठांतराचीच राहते.

शब्दांहून गंभीर बाब व्याकरणाची आहे. वृत्ती मोजणाऱ्या प्रश्नावलीत विधाने असतात आणि त्यांपुढे 'पूर्णतः सहमत' पासून 'पूर्णतः असहमत' पर्यंत पाच घरे असतात. विधाने मराठीत आली की ती हमखास 'पाहिजे'च्या साच्यात पडतात. संमती घेतली पाहिजे. गोपनीयता राखली पाहिजे. रुग्णाला सत्य सांगितले पाहिजे. या रचनेत कर्ता नाही. कोणी घेतली पाहिजे? कोणाच्या देखत? रुग्ण नको म्हणाला तर कोणी काय केले पाहिजे? शिवाय ही रचना शासकीय परिपत्रकाची आहे, आणि ज्या माणसाच्या नोकरीचा अर्धा भाग परिपत्रके वाचण्यात व त्यांचे अनुपालन कळवण्यात जातो त्याला ती ओळखीची वाटते. तालुक्याहून आलेला कागद, वरिष्ठांच्या हस्ते वाटलेला, 'पाहिजे'ने संपणारी वाक्ये, आणि शेवटी सहमत आहात काय असा प्रश्न. अशा कागदावर असहमत कोण लिहील? नाव लिहू नये अशी सूचना वर छापलेली असली तरी, पाच-सात जणांच्या केंद्रात हस्ताक्षरावरून, किंबहुना खुणेच्या वळणावरूनही, माणूस ओळखू येतो. अशा वेळी मोजली जाते ती आज्ञाधारकता, आणि अहवालात तिचे नाव 'अनुकूल नैतिक वृत्ती' असे पडते.

संमतीच्या बाबतीत तर या कर्तृहीन वाक्याला महाराष्ट्रात एक इतिहास आहे, आणि तो विसरून कोणतीही प्रश्नावली येथे रचता येणार नाही. १९७६ साली राज्याच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची अनुमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे नागरिकाच्या संमतीवाचून त्याच्या देहावर शस्त्रक्रिया करण्याची तरतूद अडली ती दुसऱ्या एका संमतीवाचून. भाषेचा हा योगायोग कडवट आहे. कायदा झाला नाही तरी १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या 'केसेस' आणण्याचे काम ज्यांच्या माथी होते त्यांत गावपातळीवरचे आरोग्यकर्मचारी, तलाठी आणि शिक्षक होते. उद्दिष्ट वरून ठरत होते. ते पुरे न झाल्यास वेतन वा बदली पणाला लागत होती. पुढे काळ बदलला, सक्ती गेली, तरी शिबिरांची पद्धत टिकून राहिली, आणि अखेर १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाला देविका बिस्वास यांच्या खटल्यात तीन वर्षांच्या आत नसबंदी शिबिरे बंद करण्याविषयी सांगावे लागले. 'संमती घेतली पाहिजे' या विधानाशी १९७६ सालचा आरोग्यसेवकही पूर्णतः सहमत झाला असता. त्याच्याकडून अर्जावर अंगठा घेतला जातच होता. त्याला विचारायला हवे होते ते निराळे : अंगठा उमटवताना खोलीत कोण कोण होते, आणि तो उमटला नसता तर तुझे काय झाले असते?

नैतिक विचार मोजण्याच्या आधुनिक प्रयत्नांचा आरंभ असा कोरडा नव्हता, हे येथे आठवणे उचित होईल. लॉरेन्स कोलबर्ग याने १९५८ सालच्या आपल्या प्रबंधासाठी जी पद्धत वापरली तिच्या मुळाशी गोष्ट होती. हाइन्झ नावाच्या माणसाची बायको कर्करोगाने मरणपंथाला लागली आहे. गावातल्या औषधविक्याने तिच्यावरचे औषध शोधले आहे, परंतु खर्चाच्या दसपट किंमत तो मागतो. हाइन्झजवळ निम्मेच पैसे जमतात. त्याने चोरी करावी काय? कोलबर्गला 'करावी' की 'करू नये' यात रस नव्हता. उत्तर देणारा त्याची कारणे कशी देतो, हे तो तासभर बसून ऐकत असे. पुढे त्याच्या परंपरेत जेम्स रेस्ट याने छापील चाचणी तयार केली, आणि गोष्टीखाली आयती बारा कारणे देऊन त्यांना क्रम लावण्यास सांगितले. काम सोपे झाले, संगणकाला पेलणारे झाले. पण माणूस बोलायचा थांबला. आजच्या जैवनीतीच्या बहुसंख्य प्रश्नावल्या याच उताराच्या शेवटी उभ्या आहेत : त्यांतून गोष्टही गेली आहे.

मराठी वाचकाला हाइन्झची गोष्ट ऐकताच दुसरी एक गोष्ट आठवावी. बारा वर्षांच्या दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र श्वपचाच्या घरातून कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो, ही शांतिपर्वातील कथा टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त, 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात, नेमकी याच प्रयोजनाने योजली आहे. सत्य, अहिंसा, अस्तेय यांसारखे निरपवाद वाटणारे नियम एकमेकांशी वा जीविताशी भिडतात तेव्हा करावे काय, हा तेथील प्रश्न. दोन गोष्टींतील एक फरक मात्र लक्षणीय आहे. कोलबर्गच्या गोष्टीत औषधविक्या एक वाक्य बोलून गप्प होतो. पुढचा सारा वाद हाइन्झ आणि परीक्षक यांच्यात. महाभारतात ज्याच्या घरी चोरी व्हायची तो श्वपच जागा होतो, आणि ऋषीला धर्म सांगू लागतो. उतरंडीच्या तळाशी असलेल्या माणसाला तेथे युक्तिवादाचा अधिकार आहे. कॅरॉल गिलिगन हिने १९८२ साली कोलबर्गवर जी टीका केली तीही या स्थळाच्या जवळ येते. तिने उल्लेखिलेली अकरा वर्षांची एमी चोरीच्या बाजूने वा विरुद्ध कौल देण्याऐवजी औषधविक्याशी बोलून मार्ग काढावा असे म्हणते, आणि कोलबर्गच्या मोजपट्टीवर त्यामुळे खाली घसरते.

मोजपट्टीवर खाली, आणि तरी ज्यांच्या नैतिक आकलनाची दखल घेतल्यावाचून गत्यंतर नाही, अशा आरोग्यसेवकांचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ते खेड्यातले नाही. मुंबईतील परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३च्या रात्री रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, आणि त्या पुन्हा कधीही शुद्धीवर आल्या नाहीत. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला तोपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबवून त्यांना शांतपणे मरू द्यावे अशी याचना सर्वोच्च न्यायालयापुढे केली. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व ज्ञानसुधा मिश्रा यांनी ती फेटाळली; परंतु फेटाळताना, उपचार काढून घेऊन येऊ दिलेल्या मरणाला उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली वाटही मोकळी केली. या निकालाची चर्चा झाली ती मुख्यतः या दुसऱ्या भागाविषयी. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पहिला भाग महत्त्वाचा आहे. अरुणा शानबाग यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला न्यायालयाने दिलेले उत्तर असे की, तो याचिकाकर्तीचा नव्हे. इतकी वर्षे अहोरात्र त्यांची सेवा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचारीवर्गाचा.

न्यायालयाने या कर्मचाऱ्यांच्या हाती प्रश्नावली दिली नाही. डॉ. दिवेटिया, डॉ. गुरसहानी व डॉ. शहा या तिघांची समिती नेमली. तिने रुग्णाला तपासले, आणि तिला सांभाळणाऱ्यांचे म्हणणेही विचारात घेतले. परिचारिकांचे मत त्याआधी कृतीतून दिसले होतेच. खाट मोकळी करण्यासाठी अरुणा शानबाग यांना अन्यत्र हलवण्याचा महापालिकेचा विचार १९८०च्या दशकात त्यांच्या विरोधामुळे मागे पडला होता. चार तत्त्वांच्या तागडीत घातले तर या परिचारिकांचे उत्तर हलके भरेल. रुग्णाच्या स्वायत्ततेविषयी त्या काही बोलत नव्हत्या. दुर्मीळ साधनांच्या न्याय्य वाटपाविषयी तर त्यांनी थेट विरुद्ध बाजू घेतली होती. त्या बोलत होत्या ते नात्याविषयी : ही आमची आहे, आणि हिला आम्ही सांभाळू. त्यातले 'आम्ही' हे सर्वनाम महत्त्वाचे. एका परिचारिकेची सेवानिवृत्ती झाली की दुसरी त्या वाक्याची धनी होत होती. ज्यांनी अरुणा शानबाग यांना कधी चालता-बोलताना पाहिले नव्हते अशा तरुण परिचारिकाही हे वाक्य बोलत होत्या.

नेमके येथेच त्यांच्या भूमिकेचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही आहेत, आणि तिचे केवळ गुणगान करणे हा तिच्यावर अन्याय होईल. सांभाळणाऱ्याचे प्रेम हा सांभाळल्या जाणाऱ्याच्या इच्छेचा पुरावा नव्हे. अरुणा शानबाग यांना काय हवे होते हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि 'आम्ही' या शब्दात त्यांचा स्वतःचा आवाज विरून गेला असण्याचा संभव नाकारता येत नाही. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आगाऊ लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची किचकट कार्यपद्धती सुलभ केली, ती याच पोकळीची जाणीव ठेवून. परंतु परिचारिका बरोबर होत्या की चूक, हा येथे मुद्दा नाही. त्यांचे नैतिक आकलन समजून घ्यायचे तर त्यांनी काय केले, किती वर्षे केले आणि त्याची कारणे कोणत्या शब्दांत सांगितली, हे ऐकावे लागते; 'दयामरण कायदेशीर असावे – सहमत वा असहमत' या ओळीवर त्यांनी केलेल्या खुणेतून त्यांतले काहीच हाती लागत नाही.

प्रश्नावलीच्या बाजूने जे म्हणता येते ते थोडक्यात असे. ती अनेकांपर्यंत पोचते, तुलना करू देते, आणि मुलाखत घेणाऱ्याच्या आवडीनिवडीपासून काही अंशी मुक्त असते. नियमांचे ज्ञान मोजण्यास तर ती सोयीची आहे, आणि नियमांचे ज्ञान क्षुल्लक नव्हे. परंतु ३१ जानेवारी २०२१ रोजी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, कापसी-कोपरी येथे, पाच वर्षांखालील बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचे थेंब पाजले गेले तेव्हा अनपकाराचे तत्त्व कोणाला ठाऊक नव्हते असे म्हणता येईल काय? बालके बचावली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. रुग्णाला अपाय करू नये हे त्यांच्यापैकी कोणालाही विचारले असते तरी उत्तर बरोबरच आले असते. चूक बाटली पाहण्यात झाली. ज्ञानाचा गुणांक, वृत्तीचा गुणांक आणि हातून घडणारे काम या तिहींमध्ये जे अंतर असते त्याचा शोध प्रश्नावलीच्या कक्षेबाहेर राहतो.

मग केनवडला विचारावे काय? एका प्रसंगाची कल्पना करावी. उपकेंद्रावर एक मुलगी येते; गळ्यात मंगळसूत्र, तिसरा महिना. आधारपत्रावर वय सतरा. २०१२च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीशी झालेला शरीरसंबंध हा गुन्हा आहे, आणि तो कळलेल्या प्रत्येकावर पोलिसांना वर्दी देण्याचे बंधन आहे. विवाहाचे कवच ११ ऑक्टोबर २०१७च्या निकालाने काढून घेतले. दुसऱ्या बाजूला गर्भपाताचा १९७१चा कायदा, २०२१ साली सुधारलेला, स्त्रीचे नाव गुप्त ठेवण्यास सांगतो. आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास, गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने वर्दी देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही सवलत डॉक्टरला मिळाली, तीही गर्भपातापुरती. मुलगी मूल ठेवू म्हणाली तर? सेविकेने नोंदवहीत सतरा लिहिले तर नवरा तुरुंगात जाईल, आणि त्या वस्तीतली पुढची गरोदर मुलगी उपकेंद्राची पायरी चढणार नाही. कदाचित घरीच बाळंत होईल. अठरा लिहिले तर नोंद खोटी, आणि पुढचा बालविवाहही निर्वेध. सेविका त्याच गावात राहते. मुलीची सासू तिला रोज भेटते.

या प्रसंगावर 'गोपनीयता राखली पाहिजे' हे विधान आणि 'कायद्याचे पालन केले पाहिजे' हे विधान दोन्ही लागू आहेत, आणि सेविका दोहोंशी पूर्णतः सहमत असणार. तिला विचारायचे ते असे की, तू काय लिहिलेस, लिहिण्याआधी कोणाशी बोललीस, डॉक्टरांना सांगितलेस काय, आणि ती मुलगी पुढच्या महिन्यात तपासणीला आली काय. ही उत्तरे निर्भयपणे मिळण्यासाठी विचारणारा आरोग्य खात्याच्या बाहेरचा असला पाहिजे, आणि जे सांगितले जाईल ते सांगणाऱ्याविरुद्ध वापरले जाणार नाही अशी लेखी हमी त्याच्यापाशी असली पाहिजे. अशी हमी कायद्याने कितपत देता येते, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. कारण वर्दीचे बंधन ऐकणाऱ्यालाही लागू होते. उत्तरांना गुण द्यायचेच असतील तर ते देणाऱ्यांच्या पंक्तीत एखादी निवृत्त आरोग्यसेविका बसवावी, आणि तिचे गुण व तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचे गुण जेथे जुळत नाहीत ती उत्तरपत्रिका बाजूला काढून प्रथम वाचावी.